हातात दिलेला चाकू

बारामतीच्या डेपोतून नाशिकची एसटी हलली तसे माझे वडील, आबा, खिडकीबरोबर धावू लागले. बंडीच्या खिशातला घडीचा चाकू काढून त्यांनी माझ्या मुठीत कोंबला. "ऱ्हाऊ दे जवळ. परका मुलूख हाय." गाडी वळली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, चाकू हातात घेतला.

आमच्या अंथुर्ण्यात चाकू, विळा कुणी कुणाच्या हातात देत नाही. एकानं जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की नातं तुटतं. घाईत आबा विसरले आणि मीही घेतला. हसा खुशाल. नर्सिंगला निघालेली शिकलीसवरलेली पोर मी, पण पुणं येईपर्यंत रडत होते.

चाकू साधाच. एकच पातं, गुळगुळीत पोलादी मूठ, ना नक्षी ना नाव. मेंढरं होती तेव्हा आबा त्यानं खुरं तासायचे. मेंढरं जाऊन डाळिंबं आली, तेव्हा फांद्या छाटायचे. एवढं करूनही पातं कधी ढिलं पडलं नव्हतं. होस्टेलात मी त्यानं पेरू कापायचे आणि दर वेळी मनात यायचं, आपण नक्की काय कापतोय? घरी फोन नव्हता. वॉर्डात एखादा म्हातारा धापा टाकू लागला की मला आबाच दिसायचे.

दिवाळीला घरी गेले. आबा बांधावर उभे होते. कशी आहेस वगैरे काही नाही.

"चाकू आणलास न्हवं? खाली ठेव आधी."

मी ठेवला. त्यांनी उचलला, पुन्हा खाली ठेवला. "आता घे. तू गेल्यापासनं डोळ्याला डोळा न्हाय माझ्या. तुज्या आईला बी बोललो न्हाय."

पुढं मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. ड्युटी, व्हिसा, रिन्यूअल यांत वर्ष सरतं. सुट्टी संपली की आबा उंबऱ्याशी चाकू ठेवतात, मी उचलते आणि चेक-इन बॅगेत टाकते. या खेपेला त्यांचे गुडघे वाकेनात. मी घाबरून हात पुढं केला, तर त्यांनी आपला मागं घेतला. उभ्यानंच चाकू सोडला. फरशीवर टणकन वाजला.

"उचल," म्हणाले, "आन् परत ये."

इथं मस्कतला हॉस्पिटलच्या पॅन्ट्रीत मैत्रिणी सुरी सहज हातात देतात. मीही बिनदिक्कत घेते. तुटेल असं इथं माझं काही नाही.