माझ्या पडद्यावर त्यांचा हात

शिराळ्यात मी तालुका बातमीदार होतो. वर्तमानपत्राची कचेरी सांगलीत. तिथले वरिष्ठ उपसंपादक माझी बातमी शब्द न शब्द तपासत. हे काम मला त्यांनीच शिकवलं. फोटो मेलने पाठवण्यात वेळ जायचा, म्हणून त्यांनी एक सोय करून दिली. सांगलीत ब्राउझर उघडून सहा आकडी पिन टाकला, की माझ्या घरातला संगणक त्यांच्यासमोर उघडे. इकडे माझ्या पडद्यावर माउसचा बाण आपोआप हलू लागे. आधी ते नोटपॅडवर लिहीत, "हायस का गड्या?" मी लिहायचो, "आहे सर." मग काम.

काम झालं की ही जोडणी बंद करता येत होती. मी ती कधी केली नाही. आमच्याकडे ओळखीच्या माणसासाठी दिवसा दाराला कडी लावत नाहीत. शिकवणाऱ्यासाठी तर नाहीच.

जवळच्या एका गावात पाणी सोडणाऱ्या माणसाने मला सांगितलं, की टाकीत दोन महिने जंतू मारणारी टीसीएल पावडर पडलेली नाही. पंचायतीच्या वहीत मात्र रोज टाकल्याची सही त्याच्याकडून घेतात. गावात घरोघरी जुलाब सुरू होते. त्याची नोकरी हंगामी. "माझं नाव तेवढं न्हाई यायचं," ही एकच अट. मी शब्द दिला. त्याचं बोलणं रेकॉर्ड करून संगणकावर ठेवलं आणि बातमीसोबत सरांना तसं कळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाण हलला. नोटपॅड उघडलं नाही. बाण त्या फोल्डरवर गेला, आवाजाची फाइल कॉपी झाली. मी समोरच बसलो होतो. सर बातमी पडताळत असतील असं समजून चहा पीत राहिलो.

त्यानंतरच्या सकाळी तो माणूस दारात उभा.

"आवं सायेब, सरपंचाच्या मोबाइलात माझा आवाज कसा वो? पंचायतीत सगळ्यांम्होरं लावला. 'लय ग्वाड गळा हाय रं तुझा' म्हणला, आन उद्यापासनं येऊ नगंस म्हणला."

सरपंच हे सरांचे साडू. तालुक्याची बातमीदारी करूनही हे मला त्याच्याकडूनच कळलं.

संध्याकाळी नोटपॅड उघडलं. "हायस का गड्या?"

मी लिहिलं, "रेकॉर्डिंग तुम्ही दिलंत?"

मग अक्षरं उमटली. "गावातलं गावात मिटवलं. बातमी राहू दे. तुझ्याच भल्याचं आहे."

मी जोडणी तोडली आणि पिन बदलला. मग त्या माणसाकडे गेलो. बातमी नको असेल तर देत नाही, असं सांगितलं.

"आता काय लपवायचं ऱ्हायलंय? घाला की नाव. आन सही कशी घेत हुते त्ये बी लिवा."

बातमी कागदावर काढली, सकाळच्या एसटीने सांगलीला गेलो आणि थेट संपादकांच्या हातात दिली. ती त्याच्या नावानिशी छापून आली. टाकीत पावडर पडू लागली. टाकायला दुसरा माणूस होता.