हात वर न केलेले आजोबा

जपानमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मला माझ्याच भाषणाचा कागद दिला तो ओजिमा स्टेशनबाहेर, मी सायकलचं कुलूप उघडत असताना.

"ताई, दोनच पानं आहेत. जपानीत तुम्हीच करून घ्या. तुमच्यासारखं इथे कोणाला येतं?"

पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम जवळ आला होता. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दरवर्षी झेंडावंदन होई, मग दोन भाषणं, मुलांचे नाच आणि शिरा-भजी. त्या वर्षी काही जपानी पाहुणे यायचे होते, म्हणून मला व्यासपीठावर बसवायचं ठरलं होतं. मी कागद तिथेच वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'माझे आजोबा जपानी सैन्याच्या खांद्याला खांदा लावून इंग्रजांशी लढले.'

तळपायाची आग मस्तकात गेली. माझे आजोबा असं काही लढले नव्हते. एका दिवाळीच्या फराळाला मी सहज म्हटलं होतं की आईचे वडील युद्धात सिंगापूरला होते. बाकीचा इतिहास अध्यक्षांनी स्वतःच तयार केला होता.

खरं ते असं. आजोबा इंग्रजांच्या हिंदी पलटणीत शिपाई होते. सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी शिपायांबरोबर तेही जपान्यांच्या कैदेत गेले. तिथे सगळ्यांना मैदानात जमवून विचारलं गेलं की इंग्रजांविरुद्ध लढायला आपल्याच लोकांची नवी फौज उभी राहते आहे, कोण कोण येतंय? त्यांच्या गावचा, त्यांच्याबरोबरच भरती झालेला मित्र गेला. आजोबांनी हात वर केला नाही. पुढची साडेतीन वर्षं त्यांनी छावणीत दगड फोडत आणि आजारी माणसं उचलत काढली. परत आले तेव्हा त्यांच्या आईनेही त्यांना आधी ओळखलं नाही म्हणे.

मी आठवीत होते तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात तो भाग आला. मी त्यांना तोंडावरच विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?" आजोबा शेंगा सोलत होते. म्हणाले, "इंग्रजाचा नोकर होतो, हे खरं. पण पाणी सांडलं म्हणून आमच्या स्वयंपाक्याला जपानी शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने मारलेलं मी आदल्याच दिवशी पाहिलं होतं. धनी बदलला म्हणजे स्वराज्य मिळतं, असं मला काही वाटेना." मग टरफलं गोळा करत म्हणाले, "माझा मित्र गेला तो चुकला नाही. पण मीही चोर नाही."

हे मी अध्यक्षांना स्टेशनबाहेर उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहत ऐकून घेतलं.

"अहो ताई, पण ऑडियन्सला स्टोरी लागते. कैदेत होते म्हटलं की पाहुण्यांचा मूड जाणार. आणि कोणाला कळणार आहे? आजोबा थोडेच ऐकायला येणार आहेत?"

"मला कळणार आहे."

"तुम्ही तर आता जपानी झालात," ते हसून म्हणाले. "तुम्हाला तर उलट चांगलंच की हे."

हे बोलणारा माणूस कोण, तेही सांगते. २०११ साली तो मोठा भूकंप झाला त्या मार्चमध्ये अर्धं मंडळ मिळेल त्या विमानाने मुंबईला गेलं. त्याबद्दल मी कोणाला नावं ठेवत नाही. घरात तान्ही मुलं होती, टीव्हीवर रोज ती स्फोट झालेली अणुभट्टी दिसत होती. मी राहिले त्यात शौर्य काहीच नव्हतं. मुलीला ताप होता आणि नवऱ्याला योकोहामाच्या ऑफिसने सोडलं नव्हतं. पण राहिले. खालच्या मजल्यावरच्या आजींबरोबर पाण्याच्या बाटल्यांसाठी रांगेत उभी राहिले, त्यांच्या पडलेल्या कपाटातल्या काचा गोळा केल्या. अध्यक्ष पाच महिन्यांनी परतले आणि गणपतीत त्यांनी भाषण ठोकलं, 'आपण सर्वांनी मिळून हा भूकंप सोसला!' टाळ्याही पडल्या.

त्यानंतर तीन वर्षांनी मी जपानी नागरिकत्व घेतलं. कारणं सगळी साधी होती. मुलगी इथल्या शाळेत वाढत होती, मला परत जायचं नव्हतं, आणि दर काही वर्षांनी व्हिसासाठी कागद गोळा करून मी कंटाळले होते. अर्जासोबत 'जपानी का व्हायचं आहे' हे स्वतःच्या हाताने जपानीत लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, 'माझं घर इथे आहे.' दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे भारताचा पासपोर्ट दूतावासात जमा केला. तो रद्दचा शिक्का मारून परत मिळाला, तेव्हा मी ट्रेनमध्ये मुलीसमोर रडले. मंडळातल्या बायका मात्र आठवडाभर बोलत होत्या, 'पासपोर्टसाठी देश विकला.' त्याच मंडळाला आता मी व्यासपीठावर हवी होते. दोन देशांची लेक! गरज सरो वैद्य मरो हे ऐकलं होतं, पण यांनी वैद्याला आधी मारून मग बोलावणं धाडलं.

मी जायचं ठरवलं. कागद वाचणार नव्हते, खरं तेवढंच सांगणार होते. अध्यक्षांना एकच विनंती केली, कार्यक्रम बाराच्या आत संपवा. पंधरा ऑगस्ट हा जपान्यांच्या लेखी युद्ध संपल्याचा दिवस. बाराच्या ठोक्याला हे लोक आपल्या मेलेल्यांसाठी मान खाली घालून उभे राहतात.

"आपला सण, आपली वेळ," अध्यक्ष म्हणाले.

साडेदहाचं झेंडावंदन अर्थातच सव्वाअकराला झालं. मग अध्यक्ष बोलले. मग पाहुण्यांतले एक निवृत्त गृहस्थ बोलले, आणि त्यांचं भाषण मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. गृहस्थ सौम्य होते, आवाज अगदी मऊ. ते म्हणाले, "भारताच्या स्वातंत्र्यात आमच्याही सैनिकांचा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो." हे वाक्य मला माझ्या तोंडाने बोलावं लागलं. समोरच्या दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांच्या पाठीवरचा, छावणीतल्या माराचा व्रण मी लहानपणी पाहिलेला आहे. तोही याच वाट्यातला म्हणायचा का?

माझी पाळी आली तेव्हा बाराला दोन मिनिटं होती. कागद पर्समध्ये टाकून मी जपानीत सुरुवात केली. "माझे आजोबा तुमच्या सैन्याच्या छावणीत कैदी होते. त्यांना बाजू बदलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. त्याचं कारण..."

तेवढ्यात बाहेरच्या खांबावरचा, वॉर्ड ऑफिसच्या सूचना देणारा लाउडस्पीकर खरखरला. भूकंपानंतर आमच्या लोकांना त्या खरखरीचा एकच अर्थ माहीत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "जिशिन! भूकंप!" आणि क्षणात सगळं मंडळ टेबलांखाली. भज्यांची परात उलटली. दोन-तीन घरं मुलांना बखोटीला धरून पार पार्किंगपर्यंत पोचली. माझी मुलगी जपानीत ओरडून सांगत होती की हा भूकंप नाही, मौन पाळायला सांगताहेत. पण ऐकतो कोण?

जपानी पाहुणे उठून उभे राहिले होते, माना खाली, डोळे मिटलेले. खालच्या मजल्यावरच्या आजीही होत्या त्यांच्यात. माझा एक देश टेबलाखाली, दुसरा मान खाली घालून उभा, आणि मी माइक धरून मध्येच. बाजू कोणती घेऊ? झेंडा ज्यांच्यासाठी फडकत होता ते हुतात्मे होते, मौन ज्यांच्यासाठी होतं तेही या पाहुण्यांच्या घरची माणसं होती. आजोबांच्या छावणीत हगवणीने मेलेल्यांची आठवण मात्र या हॉलमध्ये कोणालाच काढायची नव्हती. मी मान खाली घातली नाही. मला घालता आली नाही.

मिनिट संपलं. अध्यक्ष टेबलाखालून निघाले, गुडघे झटकले आणि माझ्या हातातून माइक घेऊन म्हणाले, "ताईंचे मनःपूर्वक आभार! आता अल्पोपहार." ते निवृत्त गृहस्थ माझ्याजवळ आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "तुमचं जपानी फार सुरेख आहे."

महिन्याभराने मंडळाचं वार्षिक पत्रक आलं. माझा माइक धरलेला फोटो, आणि वर ठळक अक्षरांत, 'जपानच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या वीराची नात.' मी अध्यक्षांना फोन लावला.

"अहो, मजकूर आधीच छापायला गेला होता, फोटो तेवढा नंतर टाकला," ते म्हणाले. "आणि छानच दिसतंय की!"

मी दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तिन्ही खेपांना शिव्या आल्या. चौथं पत्र नीट झालं आणि ते सकाळी पाठवणार, तोच पुण्याहून आईचा फोन आला. पत्रकाचा फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता.

"अगं, किती छान छापलंय! मी सगळ्यांना पाठवलं. समोरच्या काकू पेढे घेऊन आल्या."

"आई, ते खोटं आहे. मी दुरुस्ती पाठवतेय."

"खोटं आहे हे तू मला सांगतेस? माझे वडील होते ते."

आई एरवी फोनवर भाजीचे भाव आणि गुडघेदुखी यापलीकडे जात नाही. त्या दिवशी ती बोलत राहिली. "गावात पंधरा ऑगस्टला बाबांच्या त्या फौजेत गेलेल्या मित्राची मुलगी झेंड्याशेजारी खुर्चीवर बसायची. मला पोरं म्हणायची, 'गोऱ्याच्या शिपायाची पोर.' दरवर्षी. मी घरी आले की बाबा विचारायचे, झेंडा नीट फडकला का गं? ते स्वतः कधी गेले नाहीत. त्यांना कोणी बोलावलंच नाही."

"म्हणूनच तर, आई! ते होते तसे लोकांना कळू देत ना."

"तू जपानी झालीस, तेव्हा इथे लोकांनी मला काय काय ऐकवलं, ते कधी बोलले तुला? म्हटलं, तिचं आयुष्य आहे, तिने ठरवावं. तू जिवंतपणी देश बदललास, मी तोंड उघडलं नाही. आता सत्तरीला आल्यावर मी माझ्या मेलेल्या बापाला एकदा आपल्या लोकांत बसवलं, तर तुला का झोंबतंय?"

पत्र मी पाठवलं नाही. आई आहे तोवर पाठवणारही नाही. अध्यक्षांचा राग मला अजून येतो, त्या मऊ आवाजाच्या गृहस्थांचाही येतो. पण आईच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच येतो.