रविवारची कोंडी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, काय की! तुम्ही बसा. माझ्याच्यानं बसवत नाही — मी आपला फेऱ्या मारत बोलतो.

मी पालिकेच्या रस्ते विभागात इंजिनियर होतो. देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. हैदराबादेत रोज नव्या गाड्या येत होत्या आणि पालिकेची तिजोरी रिकामी. मग आजूबाजूच्या नगरपालिकांना बरोबर घेऊन अख्ख्या परिसराचा आराखडा केला — जोडरस्ते, रिंगरोड, उड्डाणपूल — आणि कर्जासाठी परदेशी बँकेकडे हात पसरले. तिचा हिशोब सरळ होता. जिथं जास्त तुंबतं, तिथं आधी पैसा. उड्डाणपुलासाठी अंबरपेठेकडचा एक चौक माझ्याकडे होता. रोज सकाळी तिथं असा चक्का जाम व्हायचा की विचारू नका. म्हणजे मागणी खोटी नव्हती — हे मी स्वतःला कितीदा ऐकवलंय!

आता वसूचं. वसू माझी धाकटी बहीण. आम्ही मलकपेठेत राहायचो. सरकारी नोकरीच्या परीक्षेची तिची ती शेवटची खेप, पुढच्या वर्षी वय उलटत होतं. बाबांनी बजावलं होतं, यंदा नाही जमलं तर नांदेडचं स्थळ पक्कं. पोरगी जीव तोडून अभ्यास करायची. केंद्र तारनाक्याला — वाट माझ्याच चौकातून — आणि परीक्षा रविवारी. तिनं विचारलं, "दादा, तुला रस्त्यांचं कळतं. किती वेळ लागेल?" मी ऐटीत म्हणालो, "रविवारी रस्त्यावर काळं कुत्रं नसतं. अर्ध्या तासात पोचशील."

शनिवारी संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. बँकेचे पाहुणे चौक बघायला उद्याच येणार, सोमवारी त्यांचं विमान. उद्या — रविवारी! मोकळा चौक बघून कोण पैसे देणार? साहेब नुसते कपाळ चोळत बसले. बोललो मी. हो, मीच — कुणी सुचवलं नव्हतं. "पाइपलाइनचं काम काढू, सर. एक बाजू बंद करू." साहेबांनी पाठ थोपटली.

घरी येऊन वसूला सांगितलं का? नाही. विसरलो म्हणायची सोय आहे... पण विसरलो नव्हतो. लवकर निघ म्हटलं असतं, तर बाबांनी कारण विचारलं असतं. ते मला सांगायचं नव्हतं. आणि वाटलं, जाईल काहीतरी करून. एवढंच.

रविवारी चौक झक्कास तुंबला. पाहुणे फोटो काढत होते, मी नकाशा धरून उभा. आणि गर्दीत एक ऑटो दिसली. वसू अर्धी बाहेर वाकून पुढं बघत होती. ऑटोवाला बोंबलत होता, "अरे हटाओ ना भाई, बच्ची का इम्तिहान है!" शब्द न् शब्द ऐकला मी. आमची माणसं बॅरिकेडपाशीच होती. नुसता हात वर केला असता तरी त्यांनी ते सरकवलं असतं. मी काय केलं? पाहुण्यांच्या आड सरकलो — तिला दिसू नये म्हणून.

ती पोचली तेव्हा केंद्राचं फाटक बंद झालं होतं.

घरी बाबांनी तिला नको नको ते ऐकवलं. ती हुंदके देत म्हणाली, रस्ता खोदला होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. निदान तिथं तरी बोलायचं! मी म्हणालो, "जरा लवकर निघायला काय झालं होतं तुला?" शी! आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मी बोललो म्हणजे खरंच असणार, असं तिला वाटलं.

पूल झाला. मला बढती मिळाली. वसू नांदेडला गेली. नवरा वाईट नाही, पण तिनं पुन्हा कधी पुस्तक उघडलं नाही.

मागच्या महिन्यात तिच्या मुलीची परीक्षा इथं होती. दोघी माझ्याकडेच उतरल्या. वसूनं पोरीला उजाडायच्या आत उठवलं. पोरगी कुरकुरली, "आई, मामाच्या पुलावरून पटकन पोचू की."

"नक्को," वसू म्हणाली. "माझं काय झालं माहीत आहे ना? आळस केला, उशिरा निघाले. माझ्या हातानं माझं वाटोळं केलं मी. विचार मामाला."

पोरीनं माझ्याकडे बघितलं.

मी "हो" म्हणालो.