लेकुरवाळ्यांचं इंजेक्शन

वलगावहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, शाळेत होते. "ताई, मोठीमायचं तोंडच उघडून नाई राहिलं. पानी बी जात नाई." मी तशीच अमरावतीची बस धरली. दहा-बारा दिवसांपूर्वी तिच्या पायात गंजकी तार घुसली होती, हे मला ठाऊक होतं... अमरावतीच्या दवाखान्यात ती सहा दिवस झुंजली. धनुर्वातानं गेली. आजच्या काळात!

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आमचा फुलमळा. गावात कुणाचंही डोहाळजेवण असो, शेवंतीचे बाजूबंद आणि मोगऱ्याची वेणी तिच्याच हातची. तिला स्वतःला मूल झालं नाही. ओटी भरायला तिला कुणी बोलावत नसे. फुलं पोचती करून ती मागच्या दारानं परत यायची.

घरात धनुर्वाताची सुई सगळ्यांना मिळाली. पुरुषांना विळा लागला की ते गाडीवर बसून डॉक्टर गाठत. पोरांना शाळेत, आम्हा लेकीसुनांना पोटुशी असताना. राहिली ती एकटी. माझ्या वेळी ती आरोग्य उपकेंद्रात सोबत आली, तेव्हा तिचं बोट खुरप्यानं चांगलंच कापलं होतं. मीच म्हटलं, तूही घे. ती रांगेत उभी राहिली, तोच मागून एक बाई म्हणाली, "काहो मावशी, तुमाले कितवा महिना?" सगळ्या हसल्या. मोठीमाय पदर सावरत बाहेर जाऊन बसली. खोटं कशाला बोलू, मीही हसले होते.

तार लागली त्या दिवशी फोनवर ती म्हणाली, "ते लेकुरवाळ्यांचं इंजेक्शन व्हय बाई. मले कायले? जखमेले हयद लावली ना." आणि मी, पालकसभेत आयांना लशीचं महत्त्व पटवून देणारी बाई, "बरं, दुखलं तर बघ," म्हणून मोकळी झाले. पेपर तपासायचे होते. याची भरपाई आता कशानंच होणार नाही.

लोक म्हणतात, अडाणी होती, सुईला भ्यायली. सुईला! जन्मभर सुई हातात धरून बसलेली बाई...

काल तिच्या खोलीत गेले. कॅलेंडरच्या कडेला फुलं ओवायची लांब सुई तशीच खोचलेली, दोऱ्यासकट. काढायला गेले तर ती गंजलेली, कचकन बोटात घुसली. रक्त पाहून भावानं लगेच गाडीची किल्ली उचलली. "चाल ताई, आदी इंजेक्शन घेऊन येऊ."

मी गाडीवर बसले.