परण्याची गाडी

दादा मंगळवारी गेला. सकाळी रानातून आला, ओसरीवर बसला आणि वहिनींना पाणी मागितलं. वहिनी तांब्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो गेला होता. मी धाराशिवला होतो, कॉलेजच्या ग्रंथालयात. दुपारच्या एसटीनं गावी पोचलो.

गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये, पत्र्याखाली, त्याची गाडी उभी होती. काळी, गोल दिव्यांची, वयानं माझ्याहून मोठी. सोलापूरच्या एका डॉक्टरांकडून दादानं ती घेतली, तेव्हा घरात ट्रॅक्टर हवा होता. वडील आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. मग गावातल्या एका लग्नात घोडा आला नाही. दादानं गाडी पुसली, तिला झेंडूची माळ घातली आणि नवरदेवाला मारुतीला नेऊन आणलं. लग्नाआधी नवरदेव असा वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. तेव्हापासून गावातला जवळजवळ प्रत्येक परण्या दादाच्या गाडीतून निघाला. वडीलही मग पारावर बसून गाडी कुठवर आली ते लोकांना सांगायचे.

मला आठवतो तो त्या गाडीचा वेग. पुढं बँड, त्याच्यापुढं नाचणारी पोरं, बाजूनं चालणाऱ्या बाया, आणि मधोमध दादा, एक कोपर खिडकीवर टेकून. तेरखेड्याचे फटाके वाजायला लागले की तो तेवढी काच वर घ्यायचा. मारुतीपाशी अर्धा तास गेला तरी इंजिन बंद करायचा नाही. स्टार्टरचा भरवसा नव्हता, आणि नवरदेव बसलेली गाडी ढकलणं गावाला खपलं नसतं. एरवी मात्र ढकलायचं काम माझं होतं. सुट्टीत घरी आलो की पुस्तक बाजूला ठेवून मी गाडीच्या मागं लागायचो, आणि ती सुरू झाली की दादा वेशीपर्यंत न थांबता जायचा. मी धापा टाकत तिथं पोचलो की म्हणायचा, "वाचून वाचून दम राहिला न्हाय तुझ्यात."

आमच्या समोरच्या घरात एक मुलगा आहे. लहानपणी तो सारखा या गाडीत येऊन बसायचा. तुझा परण्या याच गाडीतून काढीन, असं दादानं त्याला सांगून ठेवलं होतं, आणि घरच्यांसमोर सांगितलं होतं. दादा गेल्यावर चार महिन्यांनी त्या मुलाचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरचं. त्याचे वडील आमच्याकडं आले, चहा घेतला, सोलापूरहून एक जीप सांगितली आहे म्हणाले. शेडकडं त्यांनी पाहिलं नाही. दुःखातल्या घराकडं गाडी मागायची कशी, हा त्यांचा संकोच मला कळत होता. शिवाय गाडी बंदच होती. दादाचा एक शब्द राहून जाणार, एवढंच माझ्या मनात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून मी गाडी नळदुर्गला नेली. तिथले मिस्त्री हायवेवरच्या ट्रकांची कामं करतात. दादाला ते ओळखायचे. त्यांनी गिअरबॉक्स उतरवून क्लचची प्लेट बाहेर काढली. तिचं लायनर झिजून पितळी रिव्हेट उघडे पडले होते आणि मागची प्रेशर प्लेट तापून तापून निळी झाली होती.

"मास्तर, ही गाडी पळालीच न्हाय कधी," ते म्हणाले. मी मास्तर नाही, कॉलेजात ग्रंथपाल आहे, हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं. "माणसाच्या चालीनं नेलीया हिला. तुमच्या भाऊंना लई बोललो, क्लचवरचा पाय काढा म्हणून. तर म्हणायचे, पाय काढला की नवरदेव हलतो."

मी स्टूल ओढून बसलो आणि काम बघत राहिलो.

स्टार्टरचं दुखणं वेगळं निघालं. बंद होताना इंजिन दर वेळी ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळं स्टार्टरचं चाक फ्लायव्हीलच्या रिंगला तिथंच लागून तेवढेच दात खाल्ले गेले होते. मिस्त्रींनी रिंग तापवून काढली, उलटी केली आणि पुन्हा बसवली. आता न झिजलेली बाजू पुढं आली. स्टार्टरची तुटलेली स्प्रिंग त्यांनी भंगारातल्या एका स्टार्टरची काढून घातली. क्लचला नवीन लायनर मारलं. प्रेशर प्लेट मिळायला पंधरा दिवस लागले. ही शेवटची, अशी पुन्हा मिळायची न्हाय, असं सांगून त्यांनी मला बजावलं की गाडी जपायची असेल तर परण्याला नेऊ नका.

हे ऐकून मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. गाडी आता दादाची आठवण म्हणून झाकून ठेवता येणार होती. घरी आणल्यावर मी ती बंद केली आणि पुन्हा सुरू करून पाहिली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. मिस्त्रींचं म्हणणं मी त्यांना सांगितलं, चांगलं जाड कापड आणतो म्हणालो.

"भावजी, त्यांनी ही जपायला घेतली असती तर शेडला दार बसवलं असतं," वहिनी म्हणाल्या.

मग त्या समोरच्या घरी गेल्या. दादा गेल्यापासून त्या कुणाच्या उंबऱ्यापाशी गेल्या नव्हत्या. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. संध्याकाळी मुलाचे वडील आले आणि जीप नको म्हणून कळवलंय, एवढं सांगून गेले.

परण्याच्या दिवशी गाडी मी चालवली. आधी मिस्त्रींना फोन करून विचारलं होतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणं थांबून बँडला पुढं जाऊ द्यायचो आणि मग क्लच पुरता सोडून गाडी पुढं घ्यायचो. दर वेळी हिसका बसायचा. आरशात नवरदेवाच्या मुंडावळ्या डोळ्यांवर येताना दिसायच्या. कुणीतरी बाहेरून म्हणालं की ग्रंथपाल पानं उलटल्यासारखी गाडी चालवतोय. चौकाच्या अलीकडं नवरदेव पुढं वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, मोठ्या काकांसारखी घ्या की."

मी पायानं क्लच अर्धा दाबून धरला. गाडी माणसांच्या चालीनं चालू लागली. मुंडावळ्या हलायच्या थांबल्या. थोड्या वेळानं जळका वास आला. तो मला लहानपणापासून माहीत होता, पण तो क्लचचा वास आहे हे तोवर कळलं नव्हतं. मी पाय काढला नाही.

त्या लग्नसराईत आणखी तीन परण्यांना गाडी गेली. लायनर अजून दोनेक वर्षं चालेल असं मिस्त्री म्हणतात. वहिनी गावीच असतात. मी शनिवारी जातो, गाडी सुरू करून बघतो, आणि लग्न असेल त्या दिवशी रजा काढतो.