हिंमतरावांची जड नळी

माझा स्वभाव संशयी आहे असं बायको म्हणते, मुलगा आमोद म्हणतो, आणि शेजारचा झेरॉक्सवालाही म्हणतो. म्हणू देत. बंदुकीच्या दुकानदारानं भोळं असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस माझ्या खुर्चीत बसून दाखवावं. रास्ता पेठेतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचं लायसन बघतो, मग त्याच्या तोंडाकडे बघतो, आणि मग पुन्हा एकदा लायसन बघतो. त्याचा कुणाला राग आला तर दार उघडंच असतं.

हिंमतराव बेनकरांवर मात्र बावीस वर्षांत मी संशय घेतला नव्हता. म्हणजे, फारसा नाही. धायरीचा गडी. स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं पीएमटीचा ड्रायव्हर. तरुणपणी होमगार्डमध्ये असताना नेमबाजीचा नाद लागला तो सुटलाच नाही. दर रविवारी क्लबात जायचं, पॉइंट टू टू रायफलनं पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची आणि घरी जाऊन मटण जेवायचं, हा त्यांचा नेम. "क्लच सोडणं अन् घोडा दाबणं एकच हाय बघा, माधवराव," असं ते मला दर दसऱ्याला ऐकवायचे. "झटका दिला की पॅसेंजर बी शिव्या घालतो अन् गोळी बी भलतीकडं जाती." साठीनंतरच्यांची एक स्पर्धा आमच्या क्लबात दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी असते. गेली पाच वर्षं तिचं पदक हिंमतरावांच्या घरी जात होतं.

त्यांची रायफल साध्या नळीची, माझ्याच दुकानातून घेतलेली. या रायफलींना दोन तऱ्हेच्या नळ्या येतात. साधी नळी बारीक आणि हलकी. ती घेऊन उभं राहता येतं, गुडघ्यावर बसता येतं, रानात हिंडता येतं. जड नळी मनगटाएवढी जाड. ती एकदा रोखली की जागची हलत नाही, पण हातात धरून उभं राहायचं तर घाम फुटतो. जड नळीवाले मेंबर दिसले की हिंमतराव म्हणायचे, "आले बघा नांगर घेऊन!"

तर हा माणूस जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी दुकानात आला. दोन्ही हात जर्किनच्या खिशात. मला म्हणाला, "माधवराव, ती जड नळीची रायफल हाय का अजून तुमच्याकडं?"

होती. एक मेंबर वारले होते, त्यांच्या घरच्यांनी विकायला दिली होती. पण मी तसं लगेच सांगणारा नव्हे.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. बदलावी म्हणतो."

"सदुसष्टाव्या वर्षी?"

"मग? बायको न्हाई बदलत, नळी बदलतोय."

"अहो, नांगर म्हणत होतात ना तिला? नांगर घेऊन उभे कसे राहणार?"

"उभं न्हाईच राहायचं आता. पालथं पडून मारायची, न्हाईतर कशावर तरी टेकवून."

"कशावर?"

"कशावर बी. गच्चीच्या कठड्यावर म्हणा."

कठडा! माझ्या मनात पाल चुकचुकली. मी चहा मागवला, त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. माझ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. "स्पर्धेच्या आत मिळाली पायजे," एवढं म्हणाले आणि निघाले.

आता तुम्हीच विचार करा. स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना कुणी शहाणा नेमबाज हातातली रायफल बदलतो का? नवरदेव ऐन मुहूर्तावर घोडा बदलत नाही, तसंच हे. म्हणजे स्पर्धा हे निमित्त. आणि जड नळी कुणाला लागते? ज्याला एका जागी बसून, टेकवून, एकाच ठिकाणावर बराच वेळ रोखून धरायचं असतं त्याला. कागद असेल तर ठीकच आहे. कागद नसेल तर?

दुसऱ्या दिवशी धायरीचा साईनाथ आला. त्याचं तिकडे फरशीचं दुकान आहे, रिव्हॉल्व्हर आमच्याकडे जमा असतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमचे हिंमतराव काय म्हणतायत?"

"कोण, बेनकर? त्यांचं काय, भावाभावांची केस चालू हाय की. समोरच घर हाय बाबुरावचं. मधल्या वाटेवरनं वाद."

"फार विकोपाला गेलंय का?"

"विकोपाला? हिंमतराव चारचौघांत बोललेत, एक दिवस तुला बघून घेतो म्हणून."

झालं. माझी झोपच उडाली. बायको म्हणाली, तुम्हाला चिंचेच्या झाडावर नेहमीच भूत दिसतं. मी म्हणालो, माझ्या धंद्यात भूत दिसलेलं परवडतं, न दिसलेलं नाही. मी रायफल विकायची, त्यानं ती कठड्यावर टेकवायची, समोर बाबुराव दात घासत उभा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'कुणाच्या दुकानातून घेतली' म्हणून माझं नाव. माझं नाव जाऊ द्या हो, एक माणूस जिवानिशी जाईल त्याचं काय?

हिंमतराव रोज फोन करायला लागले. मी रोज सांगायचो, कागद अडकलेत. "कुठं अडकलेत?" "अडकलेत." एवढी घाई त्यांनी पहिली रायफल घेतानाही केली नव्हती. माझा संशय पक्का होत चालला. पोलिसांत जावं तर सांगणार काय? जड नळी मागतोय म्हणून पकडा?

शेवटी एका सकाळी स्कूटर काढली. स्वारगेट, सिंहगड रोड, तिथली ती गर्दी, आणि पत्ता विचारत विचारत आठ वाजता धायरीत बेनकरांच्या दारात. साईनाथ खोटं बोलला नव्हता. मधे बैलगाडीएवढी वाट आणि समोर बाबुरावचं घर, त्याच्या ओट्यावर नेम धरायला यावा इतकं सरळ समोर. मी मान वर केली तर हिंमतरावांच्या गच्चीच्या कठड्यावर वाळूच्या दोन पिशव्या ठेवलेल्या, आणि त्यांच्यावर टेकवलेला एक लोखंडी पाइप. टोक कुठं? समोरच्या ओट्याकडे!

अंगणात मथुराबाई, त्यांची बायको, धुणं वाळत घालत होत्या. "या की, माधवराव. वर हायेत ते. पण थांबा जरा..." मी कुठला थांबतोय! बाहेरच्या जिन्यानं धाडधाड वर गेलो.

गच्चीवर खुर्चीत हिंमतराव बसले होते. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. आणि त्यांच्यासारखंच नाक असलेला एक माणूस त्यांच्या गळ्याला वस्तरा लावून उभा होता.

"अहो!" मी ओरडलो.

"गप की वो," तो माणूस म्हणाला, "दचकलो तर कापंल." आणि त्यानं शांतपणे हनुवटीखालचा साबण उतरवला.

तो बाबुराव. धाकटा भाऊ. रोज सकाळी येऊन मोठ्या भावाची दाढी करून जात होता. सहा महिने झाले होते.

हिंमतरावांनी डोळे उघडले, मला बघितलं, आणि त्यांचे हात टॉवेलखाली गेले. पण टॉवेल हलत राहिला. दोन्ही हात पाण्यातून काढलेल्या मांजराच्या पिलासारखे थरथरत होते. मी टाकीच्या कट्ट्यावर बसलो.

"कंपवात," बाबुराव म्हणाला. "डाक्टर म्हणले, वाढत जाणार. बाहेर कुणाला सांगू देत न्हाई."

"मग तो पाइप?" माझ्या तोंडून निघालं.

हिंमतराव सांगायला लागले, आणि सांगताना त्यांना जरा हुरूप आला. साधी नळी हातात घेतली की हाताबरोबर तीही थरथरायची. कागद दिसायचा, पण थांबायचा नाही. म्हणून त्यांनी पाइपात वाळू भरून बघितली. एक किलो, दोन किलो. जितका पाइप जड तितका हात गप. "जड नळी हलवायला बी जोर लागतो, माधवराव. ह्या आजाराच्या अंगात तेवढा जोर न्हाई," ते म्हणाले आणि हसले. "एवढी एक स्पर्धा मारू द्या. शेवटची. पदक न्हाई भेटलं तरी चालंल, पण घरात बसून हरायचं न्हाई मला."

"तुम्ही इकडं कसं काय आलात पण?" बाबुरावनं विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. बोललो नाही. सगळं सांगितलं, कठडा, साईनाथ, चारचौघांतली धमकी. बाबुराव ऐकता ऐकता खाली बसला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आवो, ते अठ्ठ्याण्णव सालचं बोलणं! केस चालू हाय, तिची तारीख पडती तवा आम्ही दोघं एकाच गाडीवर जातो कोर्टात!"

हिंमतराव हसले नाहीत.

"बावीस वर्सं येतोय मी तुमच्या दुकानात," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं चारदा आलो. माझा हात हलतोय ते तुमाला दिसलं न्हाई. अन् खून दिसला व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "माझं चुकलं, हिंमतराव," आणि ते खरंच मनापासून म्हणालो. पण म्हणता म्हणता दुसरी चिंता लागली. मला आता माहीत होतं. हात थरथरणाऱ्या माणसाला रायफल विकायची की नाही? मी म्हणालो, "विकायचं नंतर बघू. आधी क्लबात चला. तिथल्या जड नळीनं दहा गोळ्या मारा, माझ्यासमोर."

शनिवारी दुपारी गेलो. मी, ते आणि बाबुराव. रेंज रिकामी होती, रेंजवरच्या अधिकाऱ्याला मी खरं काय ते सांगितलं होतं आणि तो शेजारी उभा राहिला. हिंमतराव पालथे पडले. पट्टा दंडाला आवळला. ती मनगटाएवढी नळी खांद्याला लावली, आणि देवाशपथ सांगतो, हात गप झाले. नळीचं टोक खिळल्यासारखं थांबलं. माणसाचं म्हणणं बरोबर होतं. सहा महिने वाळू भरून भरून त्यानं एकट्यानं जे शोधलं होतं, ते शंभर टक्के बरोबर होतं.

मग त्यांनी काडतूस उचललं.

पॉइंट टू टूचं काडतूस केवढं असतं? तांदळाच्या चार दाण्यांएवढं. एकेक करून आपल्या बोटांनी नळीच्या मागच्या तोंडात सरकवायचं. पहिलं काडतूस चटईवर पडलं. दुसरं तोंडावर आपटून उडालं. तिसरं बोटांतच फिरत राहिलं. त्यांनी चौथं उचललं. सातव्या वेळी बाबुराव खाली वाकला, काडतूस घेतलं आणि अलगद आत सरकवलं.

"मार, दादा."

हिंमतरावांनी मारलं. दहा. बाबुरावनं एकेक भरायचं आणि त्यांनी मारायचं, असे दहा. कागद आणला तर सहा भोकं अगदी मधोमध एका बोटाखाली झाकतील अशी, आणि बाकीची चार जवळच. त्या कागदाला पदक नक्की होतं. तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना हेही माहीत होतं की आमच्या स्पर्धेत गोळी ज्याची त्यानं भरायची असते. मी रेंजवरच्या अधिकाऱ्याकडे बघितलं. त्यानं बुटाकडे बघितलं.

"नळीचा दोष न्हाई," हिंमतराव उठून बसत म्हणाले. "नळी बरोबर निवडली व्हती."

"लई बरोबर," बाबुराव म्हणाला, आणि दुसरीकडे तोंड करून नाक पुसलं.

सोमवारी दोघं दुकानात आले. हिंमतरावांनी आपली जुनी, साध्या नळीची रायफल काउंटरवर ठेवली. पिशवीत गुंडाळलेली, तेल दिलेली. "ठिवून घ्या," म्हणाले. "घरात नको आता. चांगला हात दिसला तर द्या कुणाला. पण नीट बघून द्या. तुमी बघताच म्हना."

तो टोमणा होता, आणि तो मी कमावला होता.

जमा करायचा फॉर्म मी काढला, भरला, आणि सवयीनं पेन पुढे केलं. त्यांनी पेन धरलं. पेन कागदावर नुसतं टकटक करत राहिलं. तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा कागद फाटला. मी दुसरा फॉर्म भरला आणि खणातून शाईची डबी काढून पुढे ठेवली.

हिंमतरावांनी त्या डबीकडे बघितलं.

"आमचा बाप अंगठाबहाद्दर व्हता," ते म्हणाले. "जमिनीच्या कागदावर, सगळीकडं अंगठा. म्हणून त्यानं मला मारून मुटकून शाळेत घातलं. एकतीस वर्सं पगाराला सही केली मी, माधवराव."

मी त्यांचं मनगट धरलं. बावीस वर्षांत मी या माणसाचा हात कधी हातात घेतला नव्हता, शेकहँडसुद्धा नाही. अंगठा शाईवर टेकवला, कागदावर टेकवला. माझ्या मुठीतही त्यांचा हात हलत राहिला, आणि ठसा पार फिसकटला. असा ठसा नियमात बसत नाही. आजवर मीच कितीतरी जणांचे फॉर्म तेवढ्यासाठी परत केलेत.

मी तो तसाच फाइलला लावला.