पालथे कागद

माझ्या मोबाइलनं काहीही विचारलं की मी 'नाही' दाबते. तुमचे फोटो पाहू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का, पासवर्ड लक्षात ठेवू का. नाही, नाही, नाही. भाची हसते. म्हणते, "मावशी, तू फोनशीसुद्धा भांडतेस का गं?" हो, भांडते. भाजीवाल्याशी भांडले, रिक्षावाल्याशी भांडले, मिलच्या फाटकात मॅनेजरशी भांडले, हा तर हातभरसुद्धा नाही. याच्या एका भाईबंदानं माझं नाव मातीत घातलं आहे आणि ते मी विसरलेले नाही.

मिल बंद पडली तेव्हा नवरा साच्यावर होता, म्हणजे माग चालवायचा. काही महिने रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. मग पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चुरा झाडायचं काम मिळालं, पण तोवर त्याचं बोलणंच आटलं होतं. घर चालवायचं माझ्याकडे आलं. माझे वडील महूच्या पलटणीतले. त्यांनी एक गोष्ट शिकवली होती: समोरच्यानं भाव सांगितला की आधी हसायचं, मग बोलायचं. मी हसत हसत गल्लीच्या तोंडावरची एक टपरी मिळवली आणि तिथं पीसीओ टाकला.

काचेचं केबिन होतं, पण काचेतून आवाज अडत नाही. सगळ्या चाळीचं मला ऐकू यायचं. एक जण खंडव्याला आईला सांगायचा, "मिल मस्त सुरू आहे, आत्ताच जेवलो." खोटं दोन्ही. कोणी सुरतेला काम मागायचं, कोणी फोन धरून नुसतं रडायचं. मी कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फोन झाला की मशीनमधून पर्ची निघायची, तिच्यावर लावलेला नंबर छापलेला असायचा. मी नंबरावर अंगठा ठेवून गिऱ्हाइकाला फक्त रक्कम दाखवायची आणि पर्ची फाडून पाण्याच्या डब्यात टाकायची. मागे रांगेत सासरा उभा असो की सावकार, कुणाचा फोन कुठं गेला ते कुणाला कळायचं नाही. दुसऱ्या वस्त्यांतून बायका माझ्याकडे यायच्या त्या यासाठी. जवळ बूथ नव्हते असं नाही.

मग इंटरनेट आलं. जो तो म्हणायला लागला, आता फोनचे दिवस गेले. मी जेल रोडच्या बाजूला एका दुकानातून वापरलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर उचलला. दुपारभर घासाघीस केली. खुर्ची फुकट घेतली, धुळीचं कव्हर फुकट घेतलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "बाईजी, सिखाने का अलग लगेगा." मी हसले. म्हटलं, "भिया, गाय विकतोस आणि दोहायला शिकवायचे वेगळे मागतोस?" तो कंटाळला आणि फुकट शिकवायला तयार झाला. बूथवर आला, चहा प्यायला, कसं सुरू करायचं, कसं बंद करायचं ते दाखवलं आणि जाता जाता म्हणाला, "बीच में कुछ भी पूछे तो यस दबा देना. नो दबाओगे तो अटक जाएगा."

मी तेच सगळ्यांना शिकवलं.

मागच्या गल्लीतली एक सून माझ्याकडे येऊ लागली. बी.ए. झालेली, एका छोट्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. तिचा नवरा मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होता. मिल गेल्यावर घरी बसला आणि बसल्या बसल्या हात चालवायला लागला. गल्लीला माहीत होतं. पूर्ण बाह्यांचं ब्लाउज उन्हाळ्यात कोण घालतं? शाळेतून येताना भाजीची पिशवी पायाशी ठेवून ती कॉम्प्युटरवर बसायची, नागपूरच्या भावाला ईमेल लिहायची. तीही भाव करण्यात पक्की होती.

"मावशी, पंधरा मिनिटांचेच घ्या ना. अर्धा तास कुठं बसते मी?"

"अगं, नाव आणि पासवर्ड टाकण्यातच तुझी पाच मिनिटं जातात. ते विचारतं ना, लक्षात ठेवू का म्हणून? यस दाब. पुढच्या वेळी आपोआप येईल, तुझेच पैसे वाचतील."

तिनं यस दाबलं. खूश झाली. मीही खूश झाले, गिऱ्हाइकाचा फायदा करून दिला की ते टिकतं.

ती काय लिहायची ते मी पाहिलं नाही. कॉम्प्युटरचं तोंड मी भिंतीकडे करून ठेवलं होतं. प्रिंटरमधून निघालेलं पान मी नेहमी पालथं उचलायची, पालथंच घडी करून द्यायची. नोकरीचा अर्ज असो, कोर्टाचं काही असो, दुसऱ्याचं वाचायचं नाही. पर्चीवरचा अंगठा तसाच हा पालथा कागद.

पावसाळा संपता संपता एका दुपारी तिचा नवरा आला. नोकरीचा अर्ज पाठवायचा म्हणाला. बसला. बराच वेळ टकटक काहीच ऐकू आली नाही. मला वाटलं, अडला असेल. मी विचारलं, "भिया, जमतंय ना?"

"जमतंय काकी. प्रिंट निघेल?"

"निघेल. पण पानाचे वेगळे पडतील, आधीच सांगते."

"पडू द्या."

एरवी हा माणूस फोनच्या बिलात चार आण्यांसाठी माझ्याशी वाद घालायचा. भाव न करणाऱ्या माणसाला मी जन्मभर घाबरत आले. त्या दिवशी नेमकं मला वाटलं, चला, सुधारला. प्रिंटर चालत राहिला. मी एकेक पान पालथं उचललं, नीट गठ्ठा केला, पालथाच त्याच्या हातात दिला. पैसे घेतले. तो म्हणाला, "तुमचं हे बरं आहे काकी, तुम्ही वाचत नाही." मी ते कौतुक समजले.

पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ बूथवर आला. डोळे सुजलेले, शर्ट कालचाच. त्याच्याकडून मला सगळं कळलं. लालबागेच्या मैदानावर जत्रा लागली होती. रविवारी ती शेजारणींबरोबर मुलीला घेऊन जत्रेत येणार, भाऊ फाटकाशी उभा असणार आणि तिथूनच तिघं नागपूरची गाडी धरणार, असं त्यांनी पत्रांतून ठरवलं होतं. तिथं तिला नोकरीही बघून ठेवली होती. रविवारी तो पाळणे बंद होईपर्यंत उभा राहिला. ती आली नाही. सकाळी घरी गेला तर नवऱ्यानं पत्रांचा गठ्ठा त्याच्या तोंडावर फेकला.

"ती लिहायची, बूथवाल्या मावशींवर भरवसा आहे म्हणून," तो म्हणाला. "किती घेतलेत तुम्ही त्याच्याकडून?"

"तोंड सांभाळून बोल. मी कुणाला काही सांगत नाही, सगळ्या वस्तीला विचार."

त्यानं खिशातून एक पान काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पानाच्या खालच्या कडेला काळी रेघ होती. माझा प्रिंटर प्रत्येक पानावर ती रेघ ओढायचा, मी दुकानदाराकडून त्याचे पैसे कापून घेतले होते.

मी ते पान तेव्हाही वाचलं नाही. एवढंच विचारलं, "ती बरी आहे ना?"

"भेटू दिलं नाही. मी दारातून हाका मारल्या. आतून आवाजच आला नाही."

त्याच दिवशी शटर ओढून मी जेल रोडला गेले. त्या दुकानदाराला बाहीला धरून बूथवर आणलं. तो वैतागत खुर्चीवर बसला, नावाच्या चौकोनात एकच अक्षर दाबलं. खाली पट्टी उघडली. तिचं नाव. त्याखाली माझ्या आणखी कितीतरी गिऱ्हाइकांची नावं, एकाखाली एक, दुकानाच्या पाटीसारखी. नावावर माउस दाबला की पासवर्डाचे ठिपके आपोआप भरत होते.

"मशीन ठीक है बाईजी. इसने वही किया जो आपने बोला."

"मैंने कब बोला?"

"यस दबाया ना?"

"तूच सांगितलंस ना रे, यस दाब म्हणून!"

"फोकट में जितना सिखाते हैं, उतना सिखाया."

मी त्याची गचांडी धरली. चहावाल्यानं सोडवलं. आजही भेटला तर पुन्हा धरीन. गाय विकताना ती लाथ मारते हे सांगायचे पैसे वेगळे नसतात.

गल्लीनं मात्र आपला निकाल लावून टाकला. बूथवाली पत्रं विकते. पानाचे पैसे घेतले ना? घेतले. सगळ्यांकडून घेते. पण हे कुणाला समजावणार? अक्षर दाबलं की पट्टी उघडते हे सांगितलं तर बायका एकमेकींकडे बघायच्या. मशीनवर ढकलते आहे, म्हणायच्या. इतकी वर्षं ज्या पर्च्या मी पाण्यात बुडवल्या, त्या कुणी मोजल्या नव्हत्या. कॉम्प्युटर मी भंगारात घातला, तेही हातोड्यानं फोडून. लोकांना त्यातही पाप दिसलं.

थंडी पडल्यावर ती आली. एकटी नाही, सासूबरोबर. शाळेतली नोकरी सुटली होती तिची. केबिनमध्ये शिरली आणि सवयीनं दार लोटायला गेली, तर सासूनं दारात पाय ठेवला. दार उघडंच राहिलं.

"दादा, मी मजेत आहे. हो, मुलगीही मजेत आहे. तू येऊ नकोस. नाही, खरंच येऊ नकोस."

मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी नाही सांगितलं. वाक्य जिभेवर होतं. पण सासू आमच्या दोघींच्या मधे उभी होती, आणि ते म्हणावं तर पत्रांचा विषय पुन्हा निघणार, त्याची भरपाई घरी तिला करावी लागणार. मी भाव करताना कधी गप्प बसले नाही, तिथं बसले.

पर्ची निघाली. मी नंबरावर अंगठा ठेवून रक्कम दाखवली. तिनं पैसे दिले. माझे हात आपोआप पर्ची फाडायला गेले.

"फाडू नका मावशी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "द्या इकडे. घरी दाखवावी लागते."

मी पर्ची पालथी करून तिच्या हातावर ठेवली. सासूनं ती उचलली, तिथंच सुलटी केली, चष्मा वर सारला आणि नंबर वाचायला लागली.